पाण्याचं बिल अडीचपट आलंय? आधी मीटर वाचा, मग प्लंबर बोलवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की ऐरोलीला रो-हाऊस आहे, घरात चार माणसं, तीन महिन्यांचा वापर एरवी ५४ युनिटच्या आसपास यायचा तो या वेळी बिलावर डायरेक्ट १३१ दाखवलाय, घरात कुठे ओल नाही, नळ गळत नाहीत, शेजारचे काका म्हणतात मीटर हवेवर पळतोय बदलून टाका, आणि तुम्ही विचारताय की मीटर आपण स्वतः वाचायची खरंच गरज असते का, बिलासाठी माणूस येऊन वाचतोच की.

मी कळव्याचा, प्लंबिंगच्या लाईनमध्ये २६ वर्षं झाली, मामाच्या हाताखाली पाना पकडायला सुरुवात केली तेव्हा सगळीकडे जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप असायचे, आता निम्मी कामं ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेकडेच असतात. तुमच्यासारखा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. आणि दर वेळी मी एकच विचारतो, मागच्या महिन्याचं रीडिंग लिहिलंय का कुठे. नसतंच लिहिलेलं.

गरज आहे का, तर आहे, आणि का ते तुमच्याच आकड्यांवरून सांगतो. १३१ मधून ५४ गेले, ७७ युनिट जास्त. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर. म्हणजे ७७ हजार लिटर पाणी, दहा हजारच्या टँकरच्या हिशोबाने पावणेआठ टँकर तुमच्या मीटरमधून गेलं आणि कुणाला पत्ता नाही. आता हे तीन महिने रोज सारखं गेलं असेल तर दिवसाला साधारण साडेआठशे लिटर होतात. पण पहिले दोन महिने सगळं ठीक होतं आणि शेवटच्या तीस दिवसांतच बिघडलं असेल तर दिवसाला अडीच हजारच्या वर जातं. ही दोन वेगळी दुखणी आहेत, दोघांचं कारण वेगळं आणि शोधायची जागापण वेगळी. बिल फक्त बेरीज सांगतं, ती बेरीज कशी झाली ते सांगत नाही. तुमच्याकडे दर रविवारचा आकडा असता तर मी फोनवरच सांगितलं असतं कुठे बघायचं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याच रविवारी तुम्हाला स्वतःलाच खटकलं असतं. तेव्हा सहा-सात युनिटचं नुकसान झालं असतं, ७७ चं नाही. वर जिथे टप्प्याटप्प्याने दर वाढतो तिथे हे जास्तीचे युनिट नेमके महागड्या टप्प्यात जाऊन बसतात ते वेगळंच.

आता वाचायचं कसं. साधा मेकॅनिकल मीटर असेल तर काचेत आकड्यांची एक पट्टी दिसते. काळे आकडे म्हणजे पूर्ण युनिट. लाल आकडे किंवा लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या म्हणजे युनिटच्या खालचा हिशोब, त्यावर ०.१, ०.०१, ०.००१ असं लिहिलेलं असतं. ०.१ वाला काटा एक घर पुढे सरकला म्हणजे १०० लिटर गेले, ०.०१ वाला सरकला म्हणजे १० लिटर, आणि ०.००१ वाला एक लिटर. काळे ००४८२ आणि ०.१ चा काटा ६ वर असेल तर तुमचं रीडिंग झालं ४८२.६, बस. एका गृहस्थांनी मला रात्री साडेदहाला घाबरून फोन केला होता की मीटरवर हजारो युनिट दिसतायत, आता घर विकू का, त्यांनी काळे-लाल सगळे एका दमात वाचले होते. हसू नका, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं. काचेवर चिखल असतो, पावसाळ्यात आतून वाफ धरते, चेंबरमध्ये गोम नाहीतर झुरळ असतं, त्यामुळे सरळ मोबाईल खाली धरून फोटो काढा आणि घरात बसून झूम करून वाचा. फोटोवर तारीख आपोआप असते, पुढे बिलावरून वाद झाला तर तोच कामाला येतो. वहीपेक्षा मी फोटोवाल्यांवर जास्त विश्वास ठेवतो.

तबकडीच्या मधे किंवा कडेला एक छोटी चांदणीसारखी चक्री असते, आमच्यात तिला फिरकीच म्हणतात. बारीक धार गेली तरी ती फिरते. सगळ्यात कामाची वस्तू ती आहे आणि लोकांचं लक्ष तिच्याकडे जातच नाही.

आता खरा मुद्दा, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. मोबाईलवर व्हिडिओ बघतात, त्यात सांगतात की रात्री सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहा, सकाळी परत बघा, आकडा बदलला तर लीकेज. तो सल्ला जिथे लाईनला चोवीस तास पाणी असतं आणि मीटरमधून सरळ नळाला येतं तिथला आहे. आपल्याकडे कसं आहे? ठाणे काय नवी मुंबई काय, पाणी ठरलेल्या वेळेला येतं, मीटरमधून खालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या सिंटेक्समध्ये चढतं आणि मग नळाला उतरतं. मीटर आणि नळ यांच्यामधे दोन टाक्या बसल्यात. रात्रभर तुमचा फ्लश गळत राहिला तरी मीटर ढिम्म हलणार नाही कारण लाईनला पाणीच नाही. ते गळलेलं पाणी मीटरवर सकाळी दिसणार, पाणी आल्यावर, खालची टाकी तेवढी जास्त भरावी लागली म्हणून. लोक रात्रीची टेस्ट करतात, आकडा तसाच दिसतो, म्हणतात लीकेज नाही, मीटरच खराब. आणि नवीन मीटरचा खर्च करून बसतात.

म्हणून आपल्याकडची टेस्ट दोन भागांत करायची.

पहिला भाग पाणी चालू असताना. सकाळी पाणी आलं की पंप बंद ठेवा, खालची टाकी पूर्ण भरू द्या. भरली की बॉलकॉक, म्हणजे तरंगत्या गोळ्याचा टाकीतला नळ, वर उचलला जाऊन पाणी बंद व्हायला पाहिजे आणि मीटरची फिरकी थांबायला पाहिजे. तिथे पाच-दहा मिनिटं उभ्या राहा. बॉलकॉक एकदम बंद होत नाही, हळूहळू आवळत जातो, शेवटी शेवटी बारीक धार राहते, तेवढा वेळ द्या. तरी फिरकी गरागरा चालूच असेल तर टाकी भरूनसुद्धा पाणी आत येतंय आणि ओव्हरफ्लोच्या पाईपने बाहेर जातंय. रो-हाऊसमध्ये हा ओव्हरफ्लो बऱ्याचदा गटाराच्या चेंबरमध्ये नेऊन सोडलेला असतो, वर झाकण, दिसायला काहीच नाही, ओल नाही, डाग नाही. अर्धा इंची लाईनला दाब बरा असेल तर मिनिटाला दहा-एक लिटर सहज पडतात. टाकी भरल्यावर पाणी आणखी दीड तास चालू राहिलं तर नऊशे लिटर गेले, रोज.

तुमच्या साडेआठशेच्या जवळ येतंय बघा. आणि फ्लशचा हिशोब लावून पाहिला तर साडेआठशे लिटर म्हणजे चोवीस तास मिनिटाला जवळपास सहाशे मिली. एवढं पाणी कमोडमध्ये पडत असेल तर सरळ धार दिसते, रात्री आवाज येतो, तुमच्या लक्षात आलंच असतं. म्हणून न बघताच सांगायचं तर माझा पहिला संशय खालच्या टाकीच्या बॉलकॉकवर आहे. पण हा संशय तीन महिने सारखं गळलंय असं धरून आहे, आणि ते आपल्याला माहीतच नाही, म्हणून तर वर एवढं बडबडलो.

दुसरा भाग पाणी गेल्यानंतर. खालच्या टाकीत आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूने नाहीतर पेन्सिलने खूण करा, पंप बंद, आणि चार-पाच तासांनी बघा. पाणी खूणेखाली गेलं तर टाकीच गळतेय, नाहीतर पंपाच्या फूटव्हॉल्व्हकडे, म्हणजे टाकीत सोडलेल्या पाईपच्या टोकाच्या झडपेकडे, काहीतरी आहे. टाकी आतून तीन मीटर बाय अडीच मीटर असेल तर एक सेंटीमीटर उतरलं म्हणजे ७५ लिटर, म्हणजे बोटभर उतरलं तरी दुर्लक्ष करण्यासारखं नाही. एक सांगून ठेवतो, ही टेस्ट उन्हाळ्यात करा. खाडीच्या बाजूला भराव टाकून केलेली जमीन आहे, पावसाळ्यात जमिनीतलंच पाणी वर आलेलं असतं, टाकीला चीर असेल तर तेव्हा पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचं आत येतं. मी स्वतः एका घरी जुलैत बघितलंय, रात्रभरात टाकीची पातळी वाढली होती, घरवाले खूश, म्हटलं अहो खूश कसले होताय, हे पाणी तुम्ही पिताय.

मग वरच्या टाकीलाही तसंच. रात्री सगळे झोपल्यावर एक खूण, पहाटे कुणी उठायच्या आधी दुसरी. इथे फरक पडला तर घरातलं लीकेज, आणि घरातल्या लीकेजमध्ये माझ्या अनुभवाने दहातले सात फ्लश टँक. त्यातही कन्सील्डवाले जास्त त्रास देतात, सगळं भिंतीत. त्याची सोपी टेस्ट म्हणजे फ्लशच्या टाकीत कपड्याची नीळ पाच-सहा थेंब टाका आणि अर्धा तास कुणाला फ्लश करू देऊ नका. कमोडमध्ये निळसर आलं की खालचा रबर गेला. शंभर-दोनशे रुपयांचा वॉशर असतो हो तो. आणि गळती किती ते मोजायचंय तर कुठल्याही थेंबाखाली मग ठेवा, तासाभरात लिटरचा मग भरला तर दिवसाला २४ लिटर, महिन्याला सातशेवर. मिनिटाला १०० मिलीची बारीक धार, जिला लोक धारपण म्हणत नाहीत, ती दिवसाला १४४ लिटर घालवते, महिन्याला चार युनिटच्या वर.

यावरून एक ट्रिक सांगतो, ही कुणी शिकवली नाही, लोकांच्या रीडिंगच्या वह्या बघून बघून कळली. समजा उन्हाळ्यात धरण खाली गेलं, पाणीकपात लागली, दोन तासांचं पाणी सव्वा तासावर आलं. बॉलकॉक गळत असेल तर तुमचा आठवड्याचा आकडा धाडकन खाली येणार, कारण ओव्हरफ्लोला वेळच मिळत नाही. लोकांना वाटतं चला आपण पाणी वाचवायला लागलो. आणि कपात उठली की परत वर. फ्लश किंवा आतला पाईप गळत असेल तर मात्र कपातीने आकडा फारसा हलत नाही, टाकीत पाणी आहे तोपर्यंत ते चोवीस तास जातच राहतं. म्हणजे पाण्याची वेळ बदलली आणि आकडाही बदलला तर टाकीपर्यंतचं बघा, नाही बदलला तर टाकीनंतरचं. पण हे कळायला आठवड्याचे आकडे हवेत, तीन महिन्याच्या बिलात कपात, पाहुणे, मे महिना सगळं एकत्र कालवलेलं असतं.

आता काकांच्या हवेबद्दल. काका अगदीच चूक नाहीत. आपल्याकडे लाईन रोज रिकामी होते आणि रोज भरते, पाणी यायच्या आधी फुस्स करून हवा बाहेर पडते आणि मेकॅनिकल मीटरचं पातं हवेनेही फिरतं. शटडाऊननंतर तर चांगलंच फिरतं. पण किती, हे मोजा ना. दोन-तीन दिवस पाणी यायच्या वेळेला मीटरपाशी जा, फुसफुस सुरू झाली तेव्हाचा आकडा आणि पाणी सलग पडायला लागलं तेव्हाचा आकडा, दोन्हीचे फोटो. त्यातला फरक म्हणजे तुमची हवा. मी हे बऱ्याच घरी करून दाखवलंय, काही ठिकाणी, म्हणजे लाईनच्या शेवटच्या टोकाला किंवा चढावर असलेल्या घरांत, फरक खरंच दखल घेण्यासारखा निघाला. पण तीन महिन्यात ७७ युनिट हवा? तुमच्या बाजूच्या घरांनाही मग तेवढीच लागली पाहिजे, त्यांचं विचारा. हवेच्या नावावर बिल फाडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी मला शेवटी वॉशर नाहीतर बॉलकॉकच सापडलाय. आणि ज्यांनी लाईनला डायरेक्ट पंप लावलाय (लावतात, मला माहितीय, कोण ते पण माहितीय) त्यांनी तर हवेची तक्रार करूच नये, पंप पाण्याआधी हवाच ओढतो, वर लाईनला कुठे फट असेल तर बाजूच्या गटाराचं पाणीपण ओढतो, स्वतःच्याच नाही शेजाऱ्याच्याही नळात.

मीटरच जास्त दाखवतोय असा डाउट असेल तर त्याचीही घरगुती टेस्ट आहे. मीटरनंतरच्या नळावर दोनशे लिटरचं पिंप भरा, आधी आणि नंतर लाल काटे बघा, ०.२ चा फरक यायला पाहिजे. पिंपावरची खूण आधी बादलीने मोजून घ्या कारण दोनशेचं म्हणून विकलेलं पिंप दोनशेचं असेलच असं नाही. घरगुती मीटरचं आयएस ७७९ म्हणून स्टँडर्ड आहे, त्यात नेहमीच्या प्रवाहाला दोन टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे दोनशे लिटरला चार लिटर. घरच्या टेस्टमध्ये आपलीच चूक तेवढी होते, त्यामुळे पाच-सहा लिटरवरून भांडू नका, वीस-पंचवीसचा फरक आला तर अर्ज करून अधिकृत टेस्टिंग करून घ्या. मीटर स्वतः खोलू नका, सील तुटलेलं दिसलं की तुमची बाजू कितीही खरी असो तुम्हीच चोर ठरता.

एक उलटा प्रकारपण सांगतो कारण त्याकडे कुणीच लक्ष देत नाही. आकडा कमी यायला लागला तर खूश होऊ नका. नौपाड्यात एका जुन्या बंगल्यात आजी-आजोबा राहायचे, त्यांचं बिल कमी कमी होत गेलं, ते म्हणाले दोघंच उरलोत ना आता. प्रत्यक्षात मीटरमध्ये वाळू अडकून तो मरत चालला होता. मग एक दिवस पूर्ण बंद पडला, आणि बंद मीटरला सरासरीने बिल लागतं, ती सरासरी मुलं-नातवंडं घरात होती तेव्हाची. मीटर सुस्त झाला तेव्हाच कळवलं असतं तर ती पुढची खेटे मारायची वेळ आली नसती. तसं साधा मीटर अगदी बारीक धार नीट पकडतच नाही, तासाला वीस-पंचवीस लिटर जात असेल तर कधी फिरकी हलते कधी नाही, म्हणून फिरकी थांबली म्हणजे शंभर टक्के लीकेज नाही असंही समजू नका, खडूची खूण कराच. आणि मीटरच्या आधी, रस्त्याच्या बाजूला फेरूलकडे, म्हणजे मोठ्या लाईनवरून तुमचं कनेक्शन घेतलेल्या जोडाकडे, गळत असेल तर ते तुमच्या मीटरवर कधीच येणार नाही, पण पाणी सुरू होताना पहिली दोन मिनिटं गढूळ किंवा वास येणारं येत असेल तर तिकडे बघायला सांगा, बिल नाही वाढलं तरी पोट बिघडेल.

आणि हो, मीटर तुमचाच आहे ना ते बघा. हे ऐकून लोक मला वेड्यात काढतात. कोपरखैरणेला ओळीतल्या दोन घरांची जुनी जीआय लाईन काढून नवीन टाकायचं काम मी घेतलं होतं, मीटर दोन्ही एकाच चेंबरमध्ये शेजारी शेजारी, माझ्या हेल्परने मीटरनंतरचे पाईप उलटे जोडले, ह्याचा त्याला आणि त्याचा ह्याला. मी तपासलं नाही. चूक माझीच. एका घरात दोघं, दुसऱ्यात सात माणसं. जवळपास वर्षभर ते दोघं सात जणांचं बिल भरत होते आणि मला फोन येईपर्यंत कुणाला संशयसुद्धा आला नाही. तेव्हापासून काम संपलं की घरवाल्यांना मीटरपाशी उभं करतो, त्यांचा स्टॉपकॉक, म्हणजे घराकडचं पाणी बंद करायचा नळ, बंद करायला लावतो आणि फिरकी थांबलेली दाखवतो, मगच पैसे घेतो. पाणी चालू असताना तुमचा स्टॉपकॉक बंद करा, तुमची फिरकी थांबते की शेजाऱ्याची? मीटरच्या अंगावर कोरलेला नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का? दोन मिनिटांचं काम.

घरात किती लागायला पाहिजे हा प्रश्न लोक विचारतात. सरकारी हिशोबात शहरात माणशी १३५ लिटर दिवसाला धरतात, चार माणसांचे ५४० झाले, महिन्याला सोळा-एक युनिट. तुमचे ५४ युनिट तीन महिन्यांचे म्हणजे रोजचे सहाशे, अगदी नॉर्मल. पण त्या १३५ च्या मागे लागू नका, कुणाकडे बाग आहे, कुणाकडे गाडी रोज धुतात (नका धुऊ), कुणाकडे सासूबाईंना दोन बादल्यांशिवाय आंघोळ होत नाही. तुमचा स्वतःचा आठवड्याचा आकडा काय ते महत्त्वाचं. चार-सहा आठवडे लिहिलं की तो तोंडपाठ होतो. गणपतीत पाहुणे आले, वाढला, गेले की उतरला, ठीक आहे. कारण नसताना वाढला आणि उतरलाच नाही की उठा.

फ्लॅटवाले म्हणतील आमच्याकडे मीटर कुठे. बरोबर, बहुतेक सोसायट्यांत गेटपाशी एकच मोठा मीटर असतो आणि बिल सगळ्यांत वाटलं जातं. म्हणून तर कुणाचंच लक्ष नसतं, पन्नास घरांत वाटलेलं लीकेज कुणाला टोचत नाही. घोडबंदरकडे सोसायट्या टँकरवर पैसे ओततात, कमिटीच्या मीटिंगमध्ये टँकर लॉबीवर तासभर भाषणं होतात आणि वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो मागच्या बाजूला ड्रेनमध्ये चालू असतो. वॉचमनला एक रजिस्टर द्या, रोज सकाळी सात वाजता मेन मीटरचं रीडिंग आणि दिवसभरात आलेले टँकर, एवढ्या दोनच गोष्टी. आणि महिन्यातून एकदा रात्री एक वाजता आणि चार वाजता वरच्या टाकीत काठी बुडवून बघा, पंप बंद ठेवून. तीन बाय दोन मीटरच्या टाकीत पाच सेंटीमीटर उतरलं तर तीनशे लिटर, तीन तासांत, सगळे झोपलेले असताना. कोण वापरतंय ते पाणी? चौथ्या मजल्यावरचा कन्सील्ड फ्लश वापरतोय. वॉचमन रोज तोच आकडा पुढे ढकलून लिहितो हेही बघितलंय मी, त्यामुळे त्याच्याकडूनही फोटोच मागा.

ठाण्यात स्मार्ट मीटर बसवलेत तिथले लोक म्हणतात आम्हाला आता काय बघायचं, सगळं ऑनलाईन जातं. ऑनलाईन ऑफिसात जातं, तुमच्या डोक्यात नाही जात. काही इलेक्ट्रॉनिक मीटरना लीकेजचं चिन्ह असतं, पण ते साधारण दिवसभर प्रवाह एकदाही थांबला नाही तर लागतं, आणि आपल्याकडे पाणी दोन तासांनी स्वतःच थांबतं, मग चिन्ह कुठून लागणार. आकडा बघायलाच लागतो. स्क्रीनवर आकडे आळीपाळीने बदलत राहतात, ज्याच्या बाजूला घनमीटरचं चिन्ह येतं तो तुमचा, त्याचाच फोटो घ्या.

तर ताई, तुम्ही आता मीटर बदलू नका, कुणाला भिंत फोडायलाही सांगू नका. उद्या पाणी यायच्या आधी एक फोटो, पाणी गेल्यावर एक फोटो, असं सात दिवस. मधे एका दिवशी टाकी भरू देऊन फिरकी थांबते का ते बघा, आणि त्याच वेळी बाहेरच्या चेंबरचं झाकण उचलून कान द्या. रविवारी रात्री दोन्ही टाक्यांना खूण करा. बॉलकॉक निघाला तर पितळेचाच घ्या, दांडा हाताने हलवून बघा, प्लास्टिकचा स्वस्तातला घेतलात तर दोन वर्षांत परत हाच प्रश्न विचारायला याल. बिलावरचं मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग दोन्ही तुमच्या मीटरशी जुळतायत का तेही त्याच वेळी बघून घ्या, कधी कधी ३ चा ८ वाचलेला असतो आणि सगळा शोध तिथेच संपतो. सात दिवसांचे आकडे इथे टाका, पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते पण लिहा, मी बघून सांगतो.